पंच्याण्णव भागाकार

दिवाळीत बहीण आली होती, सोबत भाची. भाची एस.वाय.बी.एस्सी.ला आहे, गणित घेऊन. फराळ झाला, पोरांचे फटाके संपले आणि ती माझ्या समोर येऊन बसली. हातात कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचं रिकामं पाकीट. त्यावर तिने एक संख्या लिहिली:

१२३४५६७८९८७६५४३२१

"मामा, तू स्वतःला फार हिशेबातला समजतोस ना? हिला कितीने भाग जातो ते सांग. म्हणजे एकूण विभाजक किती. मोबाइल नाही, कॅल्क्युलेटर नाही. वही-पेन फक्त."

मी म्हटलं, त्यात काय. नाताळात तुम्ही परत येणार, तोवर सांगतो.

संख्या दिसायला देखणी. एकपासून नऊपर्यंत चढते आणि तशीच एकापर्यंत उतरते. उलटी वाचा, सुलटी वाचा, तीच. पण वाचायची कशी? सतरा अंक. कोटी-अब्जापर्यंत आपली मजल, त्यापुढे शब्द संपतात. म्हणजे आपले संपतात, भास्कराचार्यांचे नाही. लीलावतीत परार्धापर्यंत प्रत्येक स्थानाला नाव आहे आणि परार्ध येतो अठराव्या स्थानावर. त्या हिशेबाने ही संख्या एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी... परार्धाला एकच घर कमी. हे मी तिला मोठ्या आवाजात वाचून दाखवलं. ती म्हणाली, "वाचून झालं असेल तर फोड आता."

माझं काम अंबरनाथच्या एमआयडीसीत, स्टोअर्सला. सकाळी सगळी डोंबिवली मुंबईकडे तोंड करून उभी असते तेव्हा मी समोरच्या प्लॅटफॉर्मवर उलट्या दिशेच्या गाडीची वाट पाहत असतो. खिडकीची जागा मिळते. ठाकुर्ली, कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ. वीस-बावीस मिनिटं जायला, तेवढीच यायला. वर्षानुवर्षं तो वेळ मी झोपून घालवला. आता चौकटीची वही घेतली आणि ती बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवली.

सुरुवात सोपी होती. अंकांची बेरीज ८१, म्हणजे नवाने भाग जाणार. भागलं: १३७१७४२१०९७३९३६९. याच्या अंकांची बेरीज ७२. पुन्हा नवाने भाग. आलं १५२४१५७८९९७१०४१, अंकांची बेरीज ६४. इथे तीनचा कारभार संपला. दोनदा नऊ, म्हणजे तीनचा चौथा घात बाहेर पडला. हे सगळं कल्याणच्या अलीकडेच झालं आणि मला वाटलं, आठवड्यात उरकतंय.

मग सातने भाग लावला, बाकी २. अकराने, बाकी ३. तेराने, बाकी १२. पंधरा अंकी भाज्य, हलती गाडी, प्रत्येक भागाकाराला अर्धं पान. दोन दिवस गेले आणि तेरापुढे सरकलो नाही तेव्हा जरा शुद्धीवर आलो. किती मूळ संख्यांनी भागत बसायचं? नियम शाळेतला: वर्गमूळापर्यंत. संख्या फुटणार असेल तर तिचा एक तरी अवयव वर्गमूळाहून लहान किंवा तेवढाच असतो. तेव्हा वर्गमूळ काढू, निदान खड्डा किती खोल आहे ते तरी कळेल.

भागाकार पद्धतीचं वर्गमूळ शेवटचं कधी काढलं होतं, आठवत नव्हतं. हाताला मात्र आठवत होतं. उजवीकडून दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडायच्या: १, ५२, ४१, ५७, ८९, ९७, १०, ४१. पहिला अंक एक. दुसरा दोन. तिसरा तीन. चौथा चार आला तेव्हा मी खिडकीबाहेर बघणं सोडून दिलं. पाच. सहा. सात. उल्हासनगर आलं तेव्हा शेवटची जोडी उतरवली: २२२२२२१४१. आता काय येणार हे सांगायला गणित कशाला हवं? आठ. मी भाजकाला आठ जोडला, २४६९१३४८ गुणिले आठ, १९७५३०७८४. वजा केलं. बाकी २४६९१३५७.

बाकी भाजकापेक्षा मोठी. म्हणजे आठ कमी पडला. दोनदा ताडून पाहिलं. मग आठ खोडून नऊ लिहिला: २४६९१३४९ गुणिले नऊ, २२२२२२१४१. बाकी शून्य.

वर्गमूळ १२३४५६७९. आठ गायब!

अंबरनाथला उतरून मी बाकड्यावर बसलो. कामाला दहा मिनिटं उशीर झाला त्या दिवशी. कारण ही संख्या मला लहानपणापासून माहीत होती. आमचे अण्णा धान्याच्या दुकानात दिवाणजी होते. दुकानात मुलं आली की अण्णा विचारायचे, तुझा आवडता अंक कोणता? मुलगा म्हणायचा, सात. सात नवे त्रेसष्ट. मग पाटीवर १२३४५६७९ लिहून त्याला त्रेसष्टने गुणायला लावायचे. मुलगा घाम पुसत गुणाकार करायचा आणि उत्तर यायचं ७७७७७७७७७. पाच म्हणाला तर पंचेचाळीसने, उत्तर पाचाची रांग. साध्या नवाने गुणलं तर नऊ एक. एवढी वर्षं ही गंमत डोक्यात होती आणि तिच्यात आठ का नसतो हा प्रश्न मात्र कधी पडला नव्हता.

उत्तर इतकं जवळ आहे की लाज वाटली. १११११११११ ला नवाने भागून पाहा. अकराला नवाने भागलं, एक, बाकी २. खाली एक उतरला, एकवीस: दोन, बाकी ३. एकतीस: तीन, बाकी ४. असं करत एकाहत्तर: सात, बाकी ८. आता एक उतरला की होतात एक्याऐंशी, आणि एक्याऐंशीला आठ कशाला, नवानेच नेमका भाग जातो. आठाची पाळी येण्याआधी बाकीच संपते.

तर मग पाकिटावरची सतरा अंकी संख्या म्हणजे १२३४५६७९ गुणिले ९, याचा वर्ग. म्हणजे नऊ एकांचा वर्ग, १११११११११ गुणिले १११११११११. हे पहिल्या दिवशी दिसायला हवं होतं. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ही शिडी पाचवीतल्या पोराला ठाऊक असते. नऊ एकांपर्यंत ती सुरळीत चढते. दहा एकांचा वर्ग केला की मधे हातचा येतो आणि शिडी मोडते: १२३४५६७९००९८७६५४३२१. तिथेही चढताना आठ गळतो, बरं का.

डोंगर एकदम लहान झाला. सतरा अंकांशी झुंजायची गरजच नाही. आठ अंकी १२३४५६७९ फोडली की झालं, मग सगळं दुप्पट. सात, अकरा, तेरा आधीच नापास झालेले. सतरा: बाकी ७. एकोणीस: ११. तेवीस: १५. एकोणतीस: २. एकतीस: २२. मग सदतीस. १२३ ला सदतीसने भागलं, तीन, बाकी १२. १२४, तीन, बाकी १३. १३५, तीन, बाकी २४. २४६, सहा, बाकी २४. २४७, सहा, बाकी २५. २५९. सदतीस साती दोनशे एकोणसाठ.

१२३४५६७९ = ३७ × ३३३६६७. संध्याकाळच्या गाडीत, कल्याण यार्डात सिग्नलला गाडी थांबलेली असताना.

(हेही नंतर कळलं की भागायची गरज नव्हती. नऊ एकांचे तीन-तीनचे गट पाडा: १११ १११ १११. हे झालं १११ गुणिले १००१००१. पहिल्यात तीन आणि सदतीस, दुसऱ्यात तीन आणि ३३३६६७. नुसतं बघून सांगता आलं असतं.)

आता उरली ३३३६६७. आणि इथून पुढे खरी कथा. तोपर्यंत जे केलं ते फोडणं होतं, आणि फोडताना काहीतरी हाताला लागत असतं. ही संख्या पुढे फुटते की नाही हे ठरवायचं, आणि फुटत नसेल तर ते सिद्ध करायचं, म्हणजे प्रत्येक शक्य भाजकाने भागून दर वेळी बाकी उरते हे बघायचं. नकाराची नोंदवही. स्टोअर्समध्ये वर्षाअखेरीला स्टॉक मोजतात त्यासारखं: माल आहे हे एका नजरेत कळतं, माल नाही हे कळायला सगळी कपाटं उघडावी लागतात.

५७७ चा वर्ग ३३२९२९, ५७८ चा ३३४०८४. म्हणजे ५७७ पर्यंतच्या मूळ संख्या तपासायच्या. त्यांची यादी हवी. रविवारी दुपारी जुन्या लेजरच्या पाठकोऱ्या कागदावर एक ते सहाशे लिहिले आणि एराटोस्थेनिसची चाळणी लावली. दोनच्या पटी खोडल्या, तीनच्या, पाचच्या, सातच्या, तेवीसपर्यंत. बायको म्हणाली, हाऊजी काढताय का सोसायटीची? ५७७ पर्यंत १०६ मूळ संख्या निघाल्या. त्यातल्या एकतीसपर्यंतच्या अकरा आधीच बाद, कारण ज्यांनी १२३४५६७९ ला भाग जात नाही त्यांनी तिच्या अवयवाला कुठून जाणार? उरल्या पंच्याण्णव.

एका फेरीत पाच भागाकार होत. सदतीसने पुन्हा भागलं (सदतीसचा वर्ग असू शकतो म्हणून), बाकी १. एक्केचाळीस, त्रेचाळीस, सत्तेचाळीस. प्रत्येक ओळीत भाजक, भागाकार, बाकी आणि शेवटी नवाचा ताळा. ताळ्याची सवय अण्णांची. भाजकाच्या अंकांची बेरीज एक अंकी होईपर्यंत करायची, भागाकाराची तशीच, दोन्हींचा गुणाकार, त्यात बाकीची बेरीज मिळवायची, आणि ती ३३३६६७ च्या बेरजेशी जुळली पाहिजे. ३३३६६७ चे अंक मिळून अठ्ठावीस, दहा, एक. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक यायला हवा.

समोरच्या बाकावर रोज एक गृहस्थ बसतात, गळ्यात जाड साखळी, विठ्ठलवाडीला उतरतात. चार दिवस माझी वही बघत होते. पाचव्या दिवशी खाली वाकून हळूच विचारलं, "काय चालू आहे? ओपन लावता की क्लोज?" मी म्हटलं मटका नाही, गणित आहे. त्यांचा विश्वास बसला नाही. उतरताना म्हणाले, लागला तर सांगा.

सत्ताविसावा भाजक १६३. सकाळची वेळ, दारात गर्दी, कुणाची तरी छत्री माझ्या कोपरावर. ३३३ ला १६३ ने, दोन, बाकी ७. ७६ ला भाग नाही, शून्य. ७६६, चार, बाकी ११४. शेवटचा अंक उतरवला, ११४१. सात त्रिक एकवीस... एकशे त्रेसष्ट साते अकराशे एक्केचाळीस. बाकी शून्य.

शून्य!

३३३६६७ = १६३ × २०४७. मी ताळा न पाहता, गुणाकार करून न बघता, विठ्ठलवाडीच्या आत भाचीला मेसेज टाकला: फुटली. तिकडून अंगठा आला, नुसता अंगठा. कंपनीत दिवसभर हवेत होतो. जेवणाच्या सुट्टीत २०४७ फोडायला घेतली, ती तर लगेच फुटली: २३ गुणिले ८९. म्हटलं वा, चार-चार अवयव निघाले, विभाजकांची संख्या कुठल्या कुठे जाणार.

मग डबा बंद करता करता थांबलो. तेवीस? तेवीसने १२३४५६७९ ला भागलं होतं, बाकी १५ आली होती. तेवीस नापास होती. आणि एकोणनव्वद? वहीत मागचं पान उघडलं: ८९, भागाकार ३७४९, बाकी ६. ज्या संख्येला ८९ ने भाग जात नाही तिच्या अवयवाला ८९ ने भाग कसा जातो?

१६३ च्या ओळीकडे पुन्हा बघितलं. स्टोअर्समुळे मला इंग्रजी आकड्यांची सवय. इंग्रजी सात, गाडीचा धक्का, वरची आडवी रेघ निसटलेली. मी ११४७ लिहिलं होतं आणि ११४१ वाचलं होतं. खरी बाकी सहा. ८९ लाही सहाच. रिकाम्या कोपऱ्यात ३३३६६७ ला तेवीसने भागून पाहिलं, तिथेही सहा. सगळं एका ओळीत बसलं: २३ × ८९ × १६३ = ३३३६६१. माझ्या संख्येच्या सहा पावलं अलीकडे. मी शेजारच्या घराचं कुलूप उघडून आलो होतो.

ताळा बघितला असता तर जागीच कळलं असतं. एकशे त्रेसष्टचे अंक मिळून एक, २०४७ चे चार, गुणाकार चार. यायला हवा होता एक. ताळाही सोडा, शेवटचे अंक तरी: तीन साते एकवीस, शेवटी एक, आणि संख्या संपते सातवर. दुसरीतल्या मुलाने पकडलं असतं. अण्णा असते तर काही बोलले नसते, फक्त चष्म्यावरून बघितलं असतं. ते जास्त वाईट.

भाचीला फोन करून कबुली दिली. ती म्हणाली, "मला सकाळीच कळलं होतं. म्हटलं बघू मामाला कधी कळतंय." मग तिने मला फ्रँक नेल्सन कोल यांची गोष्ट सांगितली. १९०३ साली न्यू यॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत हे गृहस्थ उठून फळ्यापाशी गेले, दोनचा सदुसष्टावा घात वजा एक ही एकवीस अंकी संख्या लिहिली, मग बाजूला १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार हाताने केला, दोन्हीकडे तेच उत्तर आलं आणि अवाक्षर न बोलता ते जागेवर जाऊन बसले, असं सांगतात. "बघ, त्यांनी गुणाकार करून दाखवला होता," भाची म्हणाली. बरं.

त्याच फोनवर तिने आणखी एक टोला दिला. "मामा, तू जिथे गाडीत चढतोस तिथलीच संख्या फोडतोयस, माहितीये?" मला वाटलं चेष्टा करतेय. तर नाही. एकांच्या रांगांच्या या वर्गांना डेम्लो संख्या म्हणतात. नाव दिलं गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी, ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'वाले ते. जन्म डहाणूचा, १९०५ चा; शिक्षण फर्ग्युसनमध्ये; नोकरी देवळालीला शाळामास्तरची. मुंबईपासून तीस मैलांवर जी.आय.पी. रेल्वेचं डेम्लो नावाचं स्टेशन, म्हणजे आजचं डोंबिवली, तिथे त्यांना या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून हे नाव. एवढी वर्षं मी त्या प्लॅटफॉर्मवर उभा राहतो. मला तिथे फार तर पादचारी पुलावरच्या गर्दीबद्दल काही सुचलंय.

डेम्लो कळल्यावर उरलेले भागाकार करताना चिडचिड कमी झाली, एवढं खरं. १६३ नंतर अडुसष्ट उरले होते. प्रत्येकाला ताळा, न चुकता. ३७९ ला बाकी १४७, ३९७ ला १८७. ४३३, २५७. बाक्यांमध्ये काही रीत सापडतेय का ते बघायचो, सापडत नव्हती. ५२३ ने पुन्हा जीव वर काढला: ६३८ पट केली तर ३३३६७४. सातच जास्त. पण सात म्हणजे सात, शून्य नव्हे.

शेवटचा ५७७. भागाकार ५७८, बाकी १६१. इथे गंमत दिसते. आतापर्यंत दर वेळी भाजक लहान आणि भागाकार मोठा असायचा. हळूहळू दोघं एकमेकांकडे सरकत आले आणि ५७७ ला जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभे राहिले. यापुढे भाजक मोठा आणि भागाकार लहान, आणि ते लहान भागाकार सगळे आपण आधीच तपासलेले. म्हणून इथे थांबायचं. वर्गमूळापर्यंतच का, हे शाळेत पाठ केलं होतं, समजलं ते त्या दिवशी, परतीच्या गाडीत.

३३३६६७ फुटत नाही. मूळ आहे.

नाताळात बहीण आली. मी वही पुढे ठेवली. तीनचा चौथा घात, सदतीसचा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. विभाजक मोजायचे तर प्रत्येक घातात एक मिळवून गुणायचं: पाच त्रिक पंधरा, पंधरा त्रिक पंचेचाळीस. १, ३, ९, २७, ३७, ८१, १११, ३३३, ९९९, १३६९ असे चढत जातात. संख्या पूर्ण वर्ग, म्हणून विभाजकांची संख्या विषम: बावीस जोड्या आणि मधोमध एकटा उभा १११११११११, स्वतःचीच जोडी. हौसेने बेरीजही केली होती. स्वतःला सोडून बाकीच्या चव्वेचाळीस विभाजकांची बेरीज ६६०८६००६०५१७३२५८. संख्येच्या निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे सहा आणि अठ्ठावीससारखी परिपूर्ण संख्या (जिची अशी बेरीज नेमकी तिच्याएवढी भरते) होण्यापासून कोसभर लांब.

भाचीने उत्तर बरोबर आहे म्हणून सांगितलं आणि मग वहीतली पानं उलटत बसली. "हे सगळे पंच्याण्णव केलेस?" म्हटलं, हो. "सोळा पुरले असते."

मी चहा खाली ठेवला.

तिने त्याच पाकिटाच्या मागच्या बाजूला मांडून दाखवलं. एक भागिले सात दशांशात लिहिलं तर १४२८५७ हे सहा अंक पुन्हा पुन्हा येतात. एक भागिले सदतीस, ०२७ ०२७, तीन अंकांचा आवर्त. मूळ संख्येने नऊ नऊंच्या रांगेला, ९९९९९९९९९ ला, भाग जात असेल तर तिचा आवर्त नऊ अंकांचा असतो, नाहीतर तीनचा किंवा एकाचा. आवर्त एकाचा असणारी मूळ संख्या फक्त तीन, तीनचा असणारी फक्त सदतीस. ३३३६६७ चा जो कोणी अवयव असेल त्याने नऊ नऊंनाही भाग जाणारच. तेव्हा तीन आणि सदतीस सोडले तर त्याचा आवर्त नऊचाच. आणि फर्मा यांच्या प्रमेयातून येतं की मूळ संख्येतून एक वजा केला की त्याला आवर्ताच्या लांबीने भाग जातो. सातमधून एक गेला, सहा. म्हणजे अवयवातून एक वजा केला की नवाने भाग गेला पाहिजे; अवयव विषम, म्हणून दोननेही; म्हणजे अठराने. एकतीसच्या पुढे ५७७ पर्यंत असे उमेदवार किती? ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. पंधरा. आणि सदतीस वेगळा तपासायचा. सोळा.

"आणि ३३३६६७ चा स्वतःचा आवर्त?" मी विचारलं. तिने पेन माझ्याकडे दिलं. ९९९९९९९९९ ला ३३३६६७ ने भागलं की २९९७. म्हणजे ०.०००००२९९७०००००२९९७... नऊ-नऊ अंकांनी, असंच पुढे. नऊचा आवर्त असलेली मूळ संख्या जगात ही एकच आहे, ती म्हणाली. हे मात्र आवडलं. तिला सांगितलं नाही, पण १६३ त्या सोळांत आहे हे बघून बरं वाटलं. म्हणजे मी फसलो तो निदान खऱ्या उमेदवारापाशी. ८९ मात्र त्यांच्यात नव्हताच.

मग तिने मोबाइल काढला. पैज संपली होती, आता हरकत नाही. माझ्या वहीतली कुठलीही ओळ उचलायची आणि ताडून बघायची. १३१, बरोबर. २३९, बरोबर. ३११, बरोबर. ४६१.

"मामा, ४६१ ची बाकी किती लिहिलीयस?"

"३४६."

"३६४ आहे."

मी ताळा लावून पाहिला. चार सहा एक, दोन. ७२३, तीन. दोन त्रिक सहा. ३४६ चे चार. सहा नि चार दहा, एक. ताळा जुळतो. जुळणारच, ३४६ आणि ३६४ ची बेरीज एकच. अंकांची अदलाबदल नवाच्या ताळ्याला दिसत नाही. आणि हे मला, स्टोअर्सवाल्याला, दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही: रजिस्टरमध्ये फरक आला आणि त्या फरकाला नवाने भाग गेला की आम्ही पहिल्यांदा उलटे पडलेले आकडेच शोधतो. इथे फरक अठरा.

"शून्य नाही ना पण," मी म्हटलं. "३४६ असो की ३६४, भाग जात नाही. निकाल तोच."

"या ओळीत तोच," भाची म्हणाली. "बाकीच्या एक्याण्णव ओळी मी बघितलेल्या नाहीत. आणि त्यात सोळा महत्त्वाच्या आहेत."

अदलाबदल पकडायला अकराचा ताळा लागतो. उजवीकडून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा, पुन्हा मिळवायचा. ३३३६६७ चा येतो चार. ४६१ चा दहा, ७२३ चा आठ, गुणाकार ऐंशी म्हणजे तीन. ३६४ चा एक. तीन नि एक चार, जुळला. ३४६ चा येतो पाच, तीन नि पाच आठ, नाही जुळत. अण्णा हा ताळा वापरत नसत, दुकानाला नवाचा पुरायचा.

सोळा ओळी तिच्यासमोरच तपासल्या, सगळ्या ठीक. ती गेल्यावर उरलेल्या काढल्या. नव्या सोमवारपासून वही पुन्हा बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहे. साखळीवाले गृहस्थ म्हणाले, अजून लागला नाही वाटतं? सध्या २११ पर्यंत आलोय.